थंड बस्त्यातला खून आणि तुमची कादंबरी

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: डिसेंबर 1997 मध्ये नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर 22 वर्षांच्या मुलीची लूना उभी सापडते, दुसऱ्या दिवशी पाण्यात तिचा मृतदेह. खुनी मिळत नाही. 2025 मध्ये नागपूर गुन्हे शाखेचे दोन अधिकारी ती फाईल उघडतात. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. कोर्टाची परवानगी लागते का, इतक्या वर्षांनी डीएनए मिळतो का, आणि एवढ्या उशिरा खटला चालतो तरी का.

शेवटची आधी संपवतो. खुनाला मुदत नाही. 3 वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्या कुठल्याच गुन्ह्याची दखल घ्यायला कालमर्यादा नाही, त्यामुळे खुनाच्या 302 सोबत पुरावा नष्ट केल्याचं 201 लावलंत तरी तेही जिवंत. गुन्हा 1997 चा, म्हणून कलमं भारतीय दंड संहितेचीच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं खुनाचं कलम 103 तुमच्या आरोपीला लावलंत तर सिव्हिल लाईन्समधला कुठलाही ज्युनियर वकील पुस्तक त्याच पानावर मिटून ठेवेल.

आता खरी अडचण. फाईल उघडते कशी, हे तुम्ही विचारलंय. ती बंद कशी झाली होती, हे मात्र तुमच्या मजकुरात कुठेच नाही. आणि सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. परवानगी लागेल की नाही, मुद्देमाल शिल्लक असेल की नाही, अधिकाऱ्यांच्या हाती पहिल्या दिवशी किती कागद पडतील, हे सगळं 1997-98 मध्ये त्या फाईलवर काय शेरा पडला त्यावरून ठरतं. कथेपुरते दोन रस्ते कामाचे आहेत.

पहिला रस्ता मर्गाचा. विदर्भात आकस्मिक मृत्यूच्या नोंदीला मर्ग म्हणतात. मुंबईचं पात्र एडीआर (अॅक्सिडेंटल डेथ रिपोर्ट) म्हणेल. (तसंच गुन्ह्याच्या नंबराला इथे अप. क्र., तिकडे गु.र.नं.; ठाण्याच्या प्रमुखाला इथे ठाणेदार, तिकडे सीनियर पीआय. नागपूरचा वाचक एवढ्यावरून ओळखतो लेखक कुठल्या ठाण्यात बसून आलाय ते.) पाण्यात मृतदेह मिळाला की पहिली नोंद बहुधा मर्गाचीच होते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 174 खाली. मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा होतो, प्रेत मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयात पीएमसाठी (शवविच्छेदनासाठी) जातं, व्हिसेरा म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने रासायनिक विश्लेषकाकडे (सीए). विष नाही असा सीए रिपोर्ट आला, डॉक्टरांनी बुडून मृत्यू लिहिलं, घरच्यांनी संशय नाही असा जबाब दिला, की मर्गाचे कागद कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जातात आणि विषय मिटतो. म्हणजे खुनाचा गुन्हा कधी दाखलच झालेला नाही. पुन्हा उघडायलाही काही नाही. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली तर 2025 मध्ये सरळ नवा एफआयआर होतो, त्याला कोर्टाची परवानगी नको. अपराध क्रमांक 2025 चा, घटना 1997 ची, कलमं जुनी, तपासाची रीत मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची. म्हणून तुमचे अधिकारी एखाद्या घराची झडती घेतील तेव्हा एक शिपाई मोबाईलवर चित्रीकरण करत असलाच पाहिजे.

दुसरा रस्ता अ समरीचा. खुनाचा गुन्हा नोंदला गेला, तपास झाला, आरोपी मिळाला नाही. अशा वेळी महाराष्ट्रात पोलीस तपास बंद करण्याचा अहवाल देऊन 'अ' समरी मागतात: गुन्हा खरा, पण उघडकीस न आलेला. 'ब' म्हणजे द्वेषाने केलेली खोटी फिर्याद, 'क' म्हणजे गैरसमजुतीतून आलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. ही समरी मंजूर करतो प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी. मंजूर करण्याआधी फिर्यादीला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये भगवंत सिंग प्रकरणात सांगितलं. तुमच्या मुलीचे वडील फिर्यादी असतील तर 1998-99 मध्ये त्यांच्या हाती एक नोटीस आलेली असणार. ती त्यांनी घेतली की परत पाठवली, कोर्टात गेले की नाही, यावर एक प्रकरण उभं राहील. ते तुम्ही फुकट सोडताय.

अ समरी झाली म्हणून पोलिसांचे हात बांधले जात नाहीत. नवा पुरावा आला तर ते पुढील तपास करू शकतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 173(8) मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या 193(9) मध्ये आहे. कोर्टाला कळवून रीतसर परवानगी मागायची ही पाळली जाणारी प्रथा. राम लाल नारंग प्रकरणात (1979) ती योग्य म्हटली गेली आणि विनय त्यागी प्रकरणात (2012) आणखी पक्की झाली. या दुसऱ्या निकालाने एक फरकही स्पष्ट केला, जो तुमच्या पात्रांना माहीत हवा. पुढील तपास म्हणजे जुन्या तपासात भर घालणं. जुना तपास रद्द करून कोऱ्या पाटीवर नवा करणं वेगळं, आणि तो आदेश फक्त वरिष्ठ न्यायालयं देऊ शकतात. म्हणजे तुमच्या अधिकाऱ्यांना 1997 च्या पीएसआयने (पोलीस उपनिरीक्षकाने) लिहिलेले जबाब फेकून देता येणार नाहीत. ते चुकीचे असले तरी फाईलमध्ये राहणार, बचाव पक्षाला त्यांच्या प्रती मिळणार, आणि तोच साक्षीदार आता वेगळं बोलला तर त्यातली प्रत्येक ओळ त्याच्या तोंडावर मारली जाणार. कागदावर 'पुनर्तपास' हा शब्द लिहू नका, बोलण्यात चालतो.

आरोपी सुटला होता असा तिसरा रस्ता काही लेखक घेतात. त्याच माणसावर त्याच गुन्ह्याचा दुसरा खटला चालत नाही, त्यामुळे तो तुमच्या कामाचा नाही.

आता कुठला रस्ता घ्यायचा हे तुमच्या पुराव्यावरून ठरवा, कारण दोन्हीकडचा पुरावा सारखा नसतो.

मर्ग घेतलात तर हाती राहतात ते कागद. कपडे, लूना, हातातलं घड्याळ हे नातेवाइकांना परत दिलेलं असतं. तपासाची सगळी मदार पीएम रिपोर्टवर. इथे एक जागा आहे जी कादंबरीकार सहसा गमावतात. गळा दाबून मारलं तर गळ्यातलं हायॉइड हाड मोडतं, असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण तरुणपणी या हाडाचे भाग एकमेकांना पक्के जुळलेले नसतात, ते लवचीक असतं. चाळिशीच्या आतल्या माणसात गळा दाबूनही ते अखंड राहू शकतं. मग 1997 च्या रिपोर्टात 'हायॉइड अखंड' एवढं लिहिलेलं, तपासणाऱ्या जमादाराने त्याचा अर्थ 'गळा दाबलेला नाही' असा लावलेला, आणि त्याच रिपोर्टात दोन ओळी खाली मानेच्या स्नायूंत रक्त साकळल्याची नोंद. चूक डॉक्टरची नाही. चूक वाचणाऱ्याची. 2025 मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञासमोर तो कागद ठेवला की त्याचं बोट दुसऱ्या ओळीवर जाईल. असं वळण मला कुठल्याही अचानक सापडलेल्या डायरीपेक्षा जास्त पटतं, कारण पुरावा पहिल्या दिवसापासून फाईलमध्ये होता.

जमादाराने घाई का केली, तेही तुमच्या तारखेतच दडलंय. डिसेंबर म्हणजे हिवाळी अधिवेशन. शहरातलं निम्मं मनुष्यबळ मोर्चांच्या बंदोबस्तात, विधानभवन परिसर, मॉरिस कॉलेज टी पॉइंट, व्हीआयपींच्या गाड्या. पहिल्या 48 तासांत जे साक्षीदार भेटायला हवेत ते आठव्या दिवशी भेटतात. कुणी भ्रष्ट असण्याची गरजच पडत नाही. फक्त तारीख हलवताना जपा: 23 नोव्हेंबर 1994 ला गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 माणसं गेली, तेव्हा कथा त्या आठवड्यात नेलीत तर नागपूरकराला पहिलं तेच आठवणार. आणि 2020, 2021 चं अधिवेशन नागपुरात झालंच नाही, वर्तमानकाळ मागे ओढायचा असेल तर हे लक्षात असू द्या.

इन्क्वेस्ट पंचनाम्याची भाषा कोरडी असते, आणि नेमकी म्हणूनच ती तुमच्या उपयोगाची. नमुना म्हणून असं काही:

'मयताचे अंगात फिकट निळ्या रंगाचा कुर्ता व पांढरी सलवार असून ओढणी दिसून येत नाही. उजव्या पायात तपकिरी चप्पल, डाव्या पायात नाही. डाव्या मनगटावर घड्याळ, बंद स्थितीत. नाकातोंडाजवळ पांढरट फेस. इतर जखमा वरकरणी दिसून येत नाहीत.'

आणि चार दिवसांनी नातेवाइकांच्या ताब्यात दिलेल्या वस्तूंच्या पावतीत: 'तपकिरी चप्पल, एक जोड'. दुसरी चप्पल कुठून आली, कुणी आणली, हे फाईलमध्ये कुठेच नाही. पंचनाम्यात एक, पावतीत दोन, एवढ्यावर वाचक पन्नास पानं तुमच्या मागे येईल. नाकातोंडाजवळचा फेस मात्र खऱ्या बुडण्याकडे बोट दाखवतो, त्यामुळे पाण्यात टाकली तेव्हा ती जिवंत होती का, हा प्रश्न तुम्हाला सोडवावा लागेल. तो तसाच सोडू नका. ओढणीही अजून कुठे तरी आहे.

डीएनएकडे येऊ, कारण तुमची बरीच आशा त्यावर दिसते. मिळू शकतो. आजच्या चाचणीला साधारण 1 नॅनोग्रॅम, कधी त्याहूनही कमी डीएनए पुरतो. माणसाच्या एका पेशीत सुमारे 6 पिकोग्रॅम असतो, म्हणजे दीडशेच्या आसपास पेशी मिळाल्या तरी काम होतं. अडचण वर्षांची कमी, ठेवणीची जास्त. ओला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवला असेल तर काही दशकंही निघतात. ओलाच प्लास्टिकच्या पन्नीत बांधून वर लाखेचं सील मारलं असेल तर पहिल्याच पावसाळ्यात बुरशीने काम संपवलेलं असतं. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या अवयवांतून तर आशा फारच कमी. पाण्यात राहिलेल्या कपड्यावरून परक्याच्या पेशी मिळणंही कठीण, तेव्हा डाग हवाच असेल तर तो पाण्याबाहेरच्या वस्तूवर दाखवा.

त्या काळच्या सीए रिपोर्टात फार तर 'मानवी रक्त, गट बी' असं येईल. रक्तगट माणसाला वगळू शकतो, ओळखू शकत नाही. आणि तो गट काढण्यासाठी डागाचा तुकडा कापून वापरलेला असतो. म्हणजे 2025 मध्ये तुमचा अधिकारी पाकीट उघडेल तेव्हा डागाच्या जागी चौकोनी भोक असेल, आणि प्रयोगशाळेला त्या भोकाच्या कडेवर काम करावं लागेल. हे दृश्य जरूर लिहा.

पण याहून मोठा मुद्दा वेगळा. परदेशी मालिकांत डाग संगणकाला दिला की नाव येतं. कॅलिफोर्नियात 2018 मध्ये जुन्या खुनांचा आरोपी वंशावळीच्या डीएनए संकेतस्थळावरून शोधला गेला, तेही खरं. आपल्याकडे राष्ट्रीय डीएनए साठाच नाही. त्यासाठीचं 2019 चं विधेयक 2023 मध्ये मागे घेतलं गेलं. इथे डीएनएने शोध घेता येत नाही, फक्त तुलना करता येते. आधी माणूस हवा, मग त्याचा नमुना. संशयित मेलेला असेल तर मुलाच्या वाय गुणसूत्रावरून तुलना होते, पण ते गुणसूत्र बापाकडून जसंच्या तसं येतं. त्यामुळे काका, चुलतभाऊ, आजा, सगळ्यांचा निकाल सारखाच येईल. एका वाड्यात राहणाऱ्या कुटुंबाची कथा असेल तर हे संकट तुमच्या पथ्यावर पडेल. टपरीवरचा चहाचा कप उचलून नेण्याचा प्रसंग ठेवा हवं तर, त्याने दिशा मिळते; पण आरोपपत्रात जाणारा नमुना वेगळा, रीतसर वैद्यकीय अधिकाऱ्याने पंचांसमोर घेतलेला हवा. खर्रा (सुपारी-तंबाखू) थुंकलेल्या भिंतीवरून नमुना घेणारा अधिकारी मात्र लिहू नका. त्या भिंतीवर अर्ध्या मोहल्ल्याची थुंकी असते.

अ समरीचा रस्ता घेतलात तर मला डीएनएपेक्षा लूनाचा आरसा जास्त भरवशाचा वाटतो. खुनाचा गुन्हा नोंदलेला, म्हणजे ठसेतज्ज्ञ आलेला. आरशावर करडी भुकटी मारून अंगठ्याचा एक ठसा मिळाला, फोटो काढला, टेपवर उचलून कार्डावर चिकटवला. मग तेव्हा आरोपी का मिळाला नाही? इथे वाचकाला खरं कारण द्या. त्या काळी ठशांची हाताने लावलेली वर्गवारी दहाही बोटांच्या एकत्र नमुन्यावर चालायची. ती पद्धत आपल्याच देशात, कलकत्त्यात, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या कामातून उभी राहिली आणि 1897 मध्ये तिथे ठशांची कचेरी निघाली. पण दहा बोटांच्या हिशेबाने लावलेल्या लाखभर पत्रिकांत एकटा अंगठा शोधणं जवळपास अशक्य. संशयिताचं नाव असेल तरच त्याच्या पत्रिकेशी ताडून बघायचं. नाव नव्हतं, म्हणून कार्ड फाईलमध्ये गेलं.

आज एकटा ठसाही संगणक शोधतो. देशपातळीवरची ठशांची प्रणाली, नॅफिस, 2022 मध्ये सुरू झाली. तेव्हा तुमचा माणूस 1997 मध्ये कोरा होता, 2023 मध्ये कुठल्या तरी फसवणुकीत अटक झाली, ठसे साठ्यात गेले, आणि 2025 मध्ये कुणी तरी जुनं कार्ड स्कॅन करून चढवलं. तीनपैकी शेवटची पायरी आपोआप होत नाही. ती कुणी, का केली, हीच तुमच्या अधिकाऱ्याची ओळख.

ठसा जुळला म्हणजे खटला जिंकला असं समजू नका. वकील पहिला प्रश्न विचारेल: आरोपी तिच्याच मोहल्ल्यातला, आरशाला कधी हात लागला नसेल कशावरून? हे दार बंद करणारी वस्तू 1997 मध्येच पेरून ठेवा. आरसा दोन दिवसांपूर्वी बदलल्याची गॅरेजची पावती, उदाहरणार्थ. केवळ परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा व्हायची तर साखळी अशी हवी की निर्दोषपणाची वाजवी शक्यताच उरू नये. महाराष्ट्रातूनच गेलेल्या शरद बिर्धीचंद सारडा प्रकरणात 1984 मध्ये हे पाच तत्त्वांत मांडलं गेलं. पोलिसांपुढची कबुली पुरावा नाही, आणि संमतीशिवाय नार्को चाचणी करता येत नाही हे 2010 पासून पक्कं आहे. तुमच्या मसुद्यात आरोपी चौकशीच्या खोलीत रडून सगळं सांगतो आणि पुस्तक संपतं, असं तुम्ही लिहिलंय. नागपुरात तिथे पुस्तक संपत नाही. फार तर त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू निघाली तर तेवढा भाग चालतो. ओढणी शिल्लक आहेच.

अटक कधी करायची हा कथेचा सगळ्यात मोठा दाब. दंडाधिकाऱ्याने पहिली कोठडी दिल्यापासून 90 दिवसांत खुनाचं आरोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मग पुरावा कितीही असो. धंतोलीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल 80 व्या दिवसापर्यंत आला नाही तर तुमचे दोघे काय करतील? शहाणा अधिकारी म्हणूनच आधी अटक करत नाही. नव्या कायद्यात दंडाधिकारी अटकेशिवायही ठसे, हस्ताक्षर, आवाजाचा नमुना द्यायला सांगू शकतो. ते सगळं गोळा करून, अहवाल हाती घेऊन मग अटक. त्यानंतर पीसीआर (पोलीस कोठडी) आणि एमसीआरची (न्यायालयीन कोठडी) ये-जा.

आरोपीचं तेव्हाचं वय तपासून ठेवा. 2025 मध्ये 45 चा माणूस डिसेंबर 1997 मध्ये 17 चा असू शकतो, आणि घटनेच्या दिवशी अल्पवयीन होतो हा दावा कुठल्याही टप्प्यावर करता येतो, निकाल लागल्यावरसुद्धा. मग खटला बाल न्याय मंडळापुढे. निर्णय शाळेच्या दाखल्यावर. आपल्याकडे त्या पिढीत अर्ध्या वर्गाचा जन्म 1 जून किंवा 1 जुलैचा असतो, कारण गुरुजींनी नाव घालताना तीच तारीख टाकलेली. खरा जन्म कधीचा, हे सांगायला म्हातारी आई साक्षीला उभी राहील. खलनायकाच्या बाजूने इतका खरा पुरावा क्वचित मिळतो.

मोबाईलचे कॉल रेकॉर्ड विसरा. कंपन्या ते साधारण दोन वर्षं ठेवतात, आणि 1997 च्या मुलीकडे फार तर घरचा लँडलाइन आणि कोपऱ्यावरचा एसटीडी-पीसीओ. जुना पीएसआय निवृत्त झालाय, डॉक्टर कदाचित हयात नाही. त्यांच्या जागी आलेला अधिकारी कागद सिद्ध करू शकतो, अशी सोय नव्या कायद्यात आहे. दप्तर शोधताना हद्दीचा घोळ जरूर घाला: शहर वाढलं तशी जुन्या ठाण्यांतून नवी ठाणी निघाली, कागद एकीकडे, मुद्देमाल दुसरीकडे, रजिस्टर वाळवीने खाल्लेलं.

संवादांबद्दल एकच. दोन नागपूरकर पोलीस एकमेकांशी 'आपण हे प्रकरण पुन्हा उघडायला हवे' असं बोलत नाहीत. 'काहून उकरून राहिला बे हे? मर्ग आहे ना ते', असं बोलतात, आणि साहेब आत आले की दोघंही प्रमाण मराठीत येतात.

लिहायला बसण्याआधी ओळखीच्या फौजदारी वकिलाकडून 1990 च्या दशकातल्या एखाद्या निकाल लागलेल्या खून खटल्याच्या कागदांचा संच मिळवा. पंचनामे, जप्ती, सीए रिपोर्ट, उलटतपासण्या, या क्रमाने वाचा आणि निकालपत्र शेवटी उघडा. तुमच्या अधिकाऱ्यांनाही ती फाईल त्याच क्रमाने मिळणार आहे.